देश बुडाला, कचेरी राहिली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

समजा, १९७० साल आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या एका कचेरीत एक वयस्क गृहस्थ टेबलाशी बसले आहेत. समोर आलेल्या माणसाचे कागद ते तपासतात, एक पारपत्र भरतात, सही करतात, शिक्का मारतात. पारपत्रावर देशाचे नाव आहे : एस्टोनिया प्रजासत्ताक. आता त्या दिवशीचा कोणताही सर्वसाधारण नकाशा आपण उघडून पाहिला, तर त्यात या नावाचा स्वतंत्र देश बहुधा सापडणार नाही. तो भाग सोव्हिएत संघाच्या रंगात रंगवलेला दिसेल. देशाची राजधानी परक्यांच्या ताब्यात, सरकार नाही, लष्कर नाही, आणि तरीही परदेशात कचेरी चालू आहे. त्या कचेरीचा शिक्का अमेरिकेचे सरकार खराही मानते आहे.

त्या गृहस्थांचे नाव अर्न्स्ट याक्सन. एस्टोनियाचे न्यूयॉर्कमधले महावाणिज्यदूत.

राजनैतिक संबंध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मेजवान्या, गुळगुळीत भाषेतली संयुक्त पत्रके, हस्तांदोलनाची छायाचित्रे. ज्याच्यापाशी फौजा आहेत, पैसा आहे, त्याचेच जगात चालते. बाकी सारे कागदी घोडे, असे आपण सहज म्हणून जातो. एस्टोनियाचा इतिहास वाचला की हे मत थोडे तपासून घ्यावेसे वाटते. कारण या देशाजवळ पन्नासहून अधिक वर्षे कागदी घोड्यांखेरीज काहीही नव्हते.

एस्टोनिया बाल्टिक समुद्राच्या काठी, फिनलंडच्या समोरच्या किनाऱ्यावर आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर. लोकसंख्या आज तेरा-चौदा लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या नाशिक शहरापेक्षाही कमी. शतकानुशतके डेन, जर्मन, स्वीडिश आणि रशियन सत्तांनी या भूमीवर राज्य केले. रशियातली झारशाही कोसळल्यावर २४ फेब्रुवारी १९१८ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. पण जाहीर करणे आणि मिळवणे यांत अंतर असते. पाठोपाठ जर्मन फौजा आल्या, त्या गेल्यावर बोल्शेव्हिकांची लाल सेना आली. वर्षाहून अधिक काळ लढाई झाली आणि अखेर २ फेब्रुवारी १९२० रोजी तार्तू या विद्यापीठाच्या गावी तह झाला.

या तहातले एक कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. रशियाने एस्टोनियाचे स्वातंत्र्य बिनशर्त मान्य केले आणि या भूमीवरचे आपले सारे हक्क स्वखुशीने व कायमचे सोडले, असे त्यात लिहिले होते. तहावर सही करणारे एस्टोनियाचे प्रमुख यान पोस्का महिनाभरातच वारले. त्यांनी मिळवलेला तो कागद मात्र पुढच्या शतकभर देशाला पुरला.

तहानंतर एस्टोनियन मुत्सद्द्यांनी युरोपभर दारे ठोठावली. फिनलंडने १९२० मध्ये मान्यता दिली, जानेवारी १९२१ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या विजेत्या राष्ट्रांनी दिली. सप्टेंबर १९२१ मध्ये एस्टोनिया राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि जुलै १९२२ मध्ये अमेरिकेनेही मान्यता दिली. एवढ्याशा देशाला ठिकठिकाणच्या वकिलातींचा खर्च पेलणे सोपे नव्हते. त्या वेळी कुणाला ती चैन वाटली असेल, तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत.

मग १९३९ साल उजाडले. २३ ऑगस्टला हिटलरची जर्मनी आणि स्टालिनचा सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. त्याला जोडलेल्या गुप्त मसुद्यात पूर्व युरोपची वाटणी केलेली होती. एस्टोनिया सोव्हिएत वाट्याला गेला. महिनाभरातच मॉस्कोने एस्टोनियाच्या गळ्यात 'परस्पर साहाय्याचा' करार अडकवला. त्या करारानुसार २५ हजार सोव्हिएत सैनिक देशात तळ ठोकून बसले. नकार दिला तर युद्ध, आणि युद्धात मदतीला येणारे कोणी नाही, हे ओळखून सरकारने सही केली होती. जून १९४० मध्ये पॅरिस जर्मनांच्या हाती पडत होते. जगाचे लक्ष तिकडे असताना १७ जूनला सोव्हिएत फौजांनी सगळा एस्टोनिया व्यापला. जुलैमध्ये एकाच मान्यताप्राप्त यादीची 'निवडणूक' झाली, त्या सभागृहाने सोव्हिएत संघात सामील करून घेण्याची विनंती केली आणि ६ ऑगस्टला ती मान्य झाली. सगळे कसे कायदेशीर दिसावे, याची पुरेपूर काळजी घेतली होती.

नेमके हेच दिसणे मान्य करायचे की नाही, हा प्रश्न बाकीच्या जगापुढे उभा राहिला. अमेरिकेने १५ जुलैला बाल्टिक देशांच्या आपल्याकडच्या ठेवी गोठवल्या. २३ जुलैला परराष्ट्र खात्याचे हंगामी प्रमुख समनर वेल्स यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. बळाने किंवा बळाच्या धाकाने केलेला हा बदल अमेरिका मानणार नाही, असा त्याचा आशय. त्या निवेदनाने एकही सोव्हिएत सैनिक मागे हटला नाही. पण अमेरिकेतली एस्टोनियाची कचेरी मात्र कायद्याने जिवंत राहिली.

तालिनमधल्या नव्या सत्ताधाऱ्यांनी परदेशातल्या आपल्या दूतांना हुकूम धाडला : कचेऱ्या सोव्हिएत वकिलातींच्या स्वाधीन करा आणि घरी या. घरी काय वाढून ठेवले होते, ते पुढे कळले. राष्ट्राध्यक्ष कोन्स्टान्टिन पॅट्स यांना जुलै १९४० मध्येच रशियात नेण्यात आले. १९५६ मध्ये तिथल्या एका मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. तार्तूच्या वाटाघाटींत भाग घेतलेले आणि अनेकदा परराष्ट्रमंत्री झालेले आन्ट्स पीप १९४२ मध्ये सोव्हिएत छावणीत मरण पावले. ज्या दूतांनी हुकूम धुडकावला, त्यांचे प्राण वाचले. मात्र ज्यांच्या वतीने बोलायचे ते सरकारच मागे उरले नव्हते.

लंडनमध्ये ऑगस्ट टोर्मा होते. ब्रिटनची भूमिका मात्र दोन दरडींवर हात ठेवणारी होती. एस्टोनिया प्रत्यक्षात सोव्हिएत ताब्यात आहे हे ब्रिटनने मानले, पण ते कायदेशीर आहे असे मानले नाही. टोर्मा यांचा मान त्यांच्यापुरता ठेवला. १९७१ मध्ये ते वारले आणि त्या जागेचा शेवट झाला. बँक ऑफ इंग्लंडमध्ये स्वतंत्र एस्टोनियाने ठेवलेले सोने होते. साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारने बाल्टिक देशांचे सोने सोव्हिएत संघाकडून येणे असलेल्या रकमांच्या हिशेबात वळते करून टाकले. स्वीडनने तर आपल्याकडचे सोने १९४० मध्येच मॉस्कोच्या हवाली केले होते. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये विलीनीकरणाला कायदेशीर मान्यता दिली आणि सरकार बदलल्यावर १९७५ मध्ये ती काढूनही घेतली. तत्त्व एक असते आणि सोय दुसरी असते, हे या यादीवरून पुरेसे स्पष्ट होते.

अशा जगात याक्सन यांनी आपली कचेरी चालवली. त्यांचा जन्म १९०५ चा, रिगा शहरातला. पोरवयातच ते एस्टोनियाच्या परराष्ट्र सेवेत कामाला लागले. पुढे अमेरिकेत आले आणि १९३२ पासून न्यूयॉर्कला होते. १९४० मध्ये देश गेला, तेव्हा त्यांनी पस्तिशीही पूर्ण केली नव्हती. कचेरीचे प्रमुख योहानेस काइव्ह होते. १९६५ मध्ये ते वारल्यावर जबाबदारी याक्सन यांच्यावर आली. सरकारच नसताना नवीन माणूस नेमणार कोण, हा पेच होताच. पण याक्सन स्वतंत्र देशाच्या सेवेतले असल्याने त्यांच्या अधिकाराची साखळी १९४० च्या आधीपर्यंत अखंड पोहोचत होती. कचेरीचा खर्च अमेरिकेत गोठवलेल्या एस्टोनियन ठेवींतून भागवला जाई.

काम काय होते? निर्वासित एस्टोनियन लोकांना पारपत्रे द्यायची, जन्म-विवाहाचे, वारसाहक्काचे दाखले प्रमाणित करायचे, विपर्यस्त बातमी छापून आली की संपादकांना पत्र लिहायचे. एखाद्या नकाशात किंवा सरकारी कागदात आपला देश सोव्हिएत प्रांत म्हणून दाखवला गेला, तर हरकत नोंदवायची. हे सगळे रोज, निमूटपणे. ते मुत्सद्दी होते, पण कुणाशी वाटाघाट करण्याजोगे त्यांच्या हाती काही नव्हते. आम्ही अजून आहोत, एवढे सांगत राहणे हेच काम.

यात मोह आणि शंका दोन्ही असणार. १९५३ मध्ये नॉर्वेत काही एस्टोनियन पुढाऱ्यांनी निर्वासित सरकार स्थापन केले. अमेरिकेने त्याला मान्यता दिली नाही. तिच्या लेखी कचेरी खरी होती. १९७५ मध्ये हेलसिंकी करारावर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह ३५ राष्ट्रांनी सह्या केल्या. युरोपातल्या सीमा बळाने बदलायच्या नाहीत असे त्यात ठरले, आणि निर्वासितांच्या पोटात गोळा आला. म्हणजे आता सध्याची सीमा कायमची झाली की काय? बाल्टिक देशांबाबतचे धोरण बदललेले नाही, असे अमेरिकेला मुद्दाम सांगावे लागले. तिकडे मायदेशी दोन पिढ्या सोव्हिएत शाळांतून शिकून मोठ्या झाल्या होत्या. न्यूयॉर्कच्या कचेरीत येणाऱ्या वृद्धांची संख्या दरवर्षी घटत असणार. तरीही दिवा विझू दिला नाही.

मायदेशी मात्र आठवण मेली नव्हती. याची साक्ष म्हणजे लेनार्ट मेरी. मुत्सद्द्याचा हा मुलगा बर्लिन-पॅरिसच्या शाळांत शिकला. जून १९४१ मध्ये बारा वर्षांचा असताना कुटुंबासह त्याची सायबेरियात रवानगी झाली. परत आल्यावर तो लेखक झाला, चित्रपट काढू लागला. १९९० मध्ये एस्टोनियात खुली निवडणूक झाली आणि हेच मेरी परराष्ट्रमंत्री झाले. मंत्रालय जवळपास शून्यातून उभारायचे होते. पण कायदेशीर भूमिका तयार होती : आम्ही सोव्हिएत संघातून फुटून निघत नाही, कारण आम्ही त्यात कायद्याने कधी सामीलच झालो नव्हतो.

ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह यांच्याविरुद्ध बंड झाले. रणगाडे तालिनच्या दिशेने निघाले. २० ऑगस्टच्या रात्री एस्टोनियाच्या विधिमंडळाने ६९ मतांनी स्वातंत्र्याचा ठराव केला. तो नव्या राष्ट्राच्या जन्माचा दाखला नव्हता. जुन्या राष्ट्राचे पुनरुज्जीवन होते. दोन दिवसांत बंड फसले. पण मान्यता कोण देणार? बड्या राष्ट्रांना गोर्बाचेव्ह यांना दुखवायचे नव्हते. पुढे आला तो आइसलँड, त्या वेळी जेमतेम अडीच लाख वस्तीचा देश. २२ ऑगस्टला त्याने मान्यता जाहीर केली आणि २६ ऑगस्टला राजधानी रेक्याविक येथे तिन्ही बाल्टिक देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर कागदांवर सह्या झाल्या. दरम्यान २४ ऑगस्टला येल्त्सिन यांच्या रशियानेही मान्यता दिली. २७ तारखेला युरोपीय समुदाय आला, २ सप्टेंबरला अमेरिका, ६ सप्टेंबरला खुद्द सोव्हिएत संघ. १७ सप्टेंबरला एस्टोनिया संयुक्त राष्ट्रसंघात दाखल झाला. आज तालिनमधल्या परराष्ट्र मंत्रालयासमोरच्या चौकाला आइसलँडचे नाव आहे. लहानाने लहानाला केलेली मदत लक्षात राहते ती अशी.

आणि याक्सन? वयाच्या ८६ व्या वर्षी ते स्वतंत्र एस्टोनियाचे अमेरिकेतले राजदूत आणि संयुक्त राष्ट्रसंघातले प्रतिनिधी झाले. १९९३ मध्ये राजदूतपद त्यांनी तरुणांच्या हाती दिले. त्यांच्यानंतर आलेले तूमास हेंद्रिक इल्व्हेस पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. निर्वासित सरकारनेही ऑक्टोबर १९९२ मध्ये आपली अधिकारपत्रे नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष मेरी यांच्या सुपूर्द केली. याक्सन १९९८ मध्ये न्यूयॉर्कलाच वारले. ६९ वर्षांची सलग सेवा त्यांच्या नावावर नोंदली आहे.

आता विचारायला हवे की या सातत्याचा व्यवहारात काय उपयोग झाला. पहिला उपयोग रोकडा. जुने राष्ट्र तेच आहे असे ठरल्याने युद्धपूर्व सोन्यावरचा हक्कही शाबूत ठरला. ब्रिटनने वळते केलेले सोने भरून दिले, स्वीडननेही भरपाई केली. जून १९९२ मध्ये एस्टोनियाने रुबल सोडून आपले 'क्रोन' हे चलन आणले, तेव्हा परत मिळालेले हे सोने त्याच्या पाठीशी होते. दुसरा उपयोग लष्करी. परकी फौज कब्जा करून बसलेली असल्याने ती गेलीच पाहिजे, असे ठामपणे म्हणता आले. जुलै १९९४ मध्ये मेरी यांनी मॉस्कोत येल्त्सिन यांच्याशी करार केला आणि ३१ ऑगस्टला रशियन फौजा देशाबाहेर पडल्या. युरोपीय संघाचे आणि नाटोचे सदस्यत्व २००४ मध्ये मिळाले. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे हा देश सुरक्षा परिषदेचा अस्थायी सदस्यही होता.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राष्ट्र तेच, तर नागरिकही तेच, म्हणजे १९४० चे नागरिक आणि त्यांचे वंशज. सोव्हिएत काळात कारखान्यांसाठी येऊन स्थायिक झालेल्या रशियन भाषिकांना, आणि तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांना, नागरिकत्वासाठी अर्ज करून भाषेची परीक्षा द्यावी लागली. १९९२ मध्ये देशातली सुमारे एक-तृतीयांश माणसे कोणत्याच देशाचे ठाम नागरिकत्व नसलेली झाली. पुढे हे प्रमाण खूप घटले, पण ती जखम पूर्ण भरलेली नाही. ज्या कायदेशीर तर्काने एका समाजाला त्याचा देश परत दिला, त्याच तर्काने शेजारच्या घरातल्या माणसाला परके ठरवले. सीमेचेही तसेच. तार्तूच्या तहातली सीमा आजच्या सीमेच्या पूर्वेला होती. २००५ मध्ये रशियाशी सीमाकरार झाला. एस्टोनियाच्या संसदेने त्याला मंजुरी देताना प्रस्तावनेत तार्तूचा अप्रत्यक्ष उल्लेख केला आणि रशियाने सही मागे घेतली. २०१४ मध्ये पुन्हा सह्या झाल्या. तो करारही अमलात आलेला नाही. जुना कागद जपणाऱ्याला त्याचे ओझेही वाहावे लागते.

भारताने ९ सप्टेंबर १९९१ रोजी एस्टोनियाला मान्यता दिली आणि २ डिसेंबरला राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. २०१३ मध्ये एस्टोनियाने दिल्लीत वकिलात उघडली. २०१९ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू तालिनला गेले आणि २०२१ मध्ये तिथे भारताची वकिलात सुरू झाली. दोन्ही देशांच्या आकारातला फरक पाहिला, तर या कचेऱ्या किरकोळ वाटतील. एस्टोनियाला मात्र त्या तशा वाटत नाहीत. का, ते आता सांगायला नको.

हा धडा तो देश विसरलेला नाही. युक्रेनवर रशियाने २०२२ मध्ये मोठे आक्रमण केल्यानंतर एस्टोनिया आणि रशिया यांचे संबंध आणखी ताणले गेले. २०२३ च्या सुरुवातीला दोघांनी एकमेकांच्या राजदूतांना परत पाठवले. त्याआधीच, २०१७ मध्ये, एस्टोनियाने लक्झेंबर्गशी एक अनोखा करार केला होता. एस्टोनियाचा बहुतेक सरकारी कारभार संगणकावर चालतो. त्या महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमधल्या यंत्रांवर ठेवायच्या आणि त्या जागेला वकिलातीसारखेच संरक्षण द्यायचे, असे ठरले. उद्या मायदेशातली यंत्रे बंद पडली, किंवा कुणी बंद पाडली, तरी जमीन कुणाची, नागरिक कोण, कायदा काय, याच्या नोंदी शाबूत राहाव्यात.

न्यूयॉर्कमधल्या टेबलावरचा शिक्का आणि लक्झेंबर्गमधली ती यंत्रे यांचे काम एकच आहे. देशावर संकट आले, तर त्याचे नाव, त्याचे कागद आणि त्याचा हक्क कुठेतरी सुखरूप राहिला पाहिजे. बड्या राष्ट्रांना मित्रांच्या दारी कचेरी असणे सोयीचे असते. लहान राष्ट्राला ती एखाद्या दिवशी एवढाच उरलेला देश म्हणून वापरावी लागते. एस्टोनियाने ती एक्कावन्न वर्षे वापरली आणि किल्ल्या अखेर ज्यांच्या त्यांच्या हाती दिल्या.